माडावरील सोंड्या भुंगा व गंधसापळे

नारळ (माड), खजूर, शिंदी, ताड इ. ताल (पामी) कुलातील वृक्षांच्या खोडात शिरून त्यांचा गाभा पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्यास त्याच्याच जातीच्या गंधाने आकर्षून पकडण्याच्या साधनास गंधसापळा म्हणतात. शेतीविषयक मराठी लेखनात ‘कामगंध सापळा’ हा शब्द रूढ आहे. या किडीच्या बाबतीत तो पुरता लागू पडत नाही, त्याचे कारण पुढे दिले आहे. भुंग्याचे शास्त्रीय नाव ऱ्हिंकोफोरस फेरुजिनियस असे असून त्याचा समावेश कोलिऑप्टेरा (ढालपंखी) गणाच्या कर्क्युलिओनिडी कुलात होतो. त्याचे शास्त्रीय वर्णन फ्रेंच कीटकवैज्ञानिक ऑलिव्हिए यांनी १७९० मध्ये केले. दक्षिण व आग्नेय आशिया हे त्याचे मूलस्थान आहे. म्हणजे कोकणच्या किनाऱ्याला तो परका नाही. नारळाची वाडी जितकी जुनी, तितकाच तिचा हा शत्रूही जुना होय.

प्रौढ भुंगा सु. ३५ मिमी. लांब व १० मिमी. रुंद, तांबूस तपकिरी रंगाचा असून त्याच्या छातीच्या वरच्या बाजूवर काळे ठिपके असतात. डोक्याचा पुढचा भाग लांबट व किंचित बाकदार सोंडेसारखा (तुंड) असतो. त्यावरूनच त्यास ‘सोंड्या’ हे नाव पडले. नराच्या सोंडेवर वरच्या बाजूस तांबूस केसांचा आखूड कुंचला असतो, मादीची सोंड गुळगुळीत व अधिक बारीक असते. सापळ्यात पडलेल्या भुंग्यांची मोजणी करताना नर-मादी ओळखण्यास ही एवढी खूण पुरते.

मादी सोंडेने कोवळ्या भागास छिद्र पाडून किंवा आधीच पडलेल्या जखमेत अंडी घालते. एक मादी आपल्या आयुष्यात साधारणतः २०० ते ३०० अंडी घालते. ती दुधी पांढरी व सु. २·५ मिमी. लांब असतात. दोन ते पाच दिवसांत अंड्यांतून पाय नसलेल्या, पिवळसर पांढऱ्या व तपकिरी डोक्याच्या अळ्या बाहेर पडतात आणि लगेच आतील मऊ भाग खाऊ लागतात. अळीची अवस्था एक ते तीन महिने टिकते व पूर्ण वाढलेली अळी सु. ५० मिमी. लांब होते. नंतर ती माडाच्याच तंतूंचा लांबट कोश विणून त्यात दोन ते तीन आठवडे राहते. अंड्यापासून प्रौढापर्यंतचे चक्र सु. तीन ते चार महिन्यांत पुरे होत असल्याने एका वर्षात अनेक पिढ्या होतात. झाडाच्या पोटात एकाच वेळी अंडी, अळ्या, कोश आणि प्रौढ अशा सर्व अवस्था सापडतात. प्रौढ भुंगे दोन ते तीन महिने जगतात, त्यांतील काही त्याच झाडात पुन्हा वीण घालतात आणि झाड संपत आले की उरलेले दुसऱ्याच्या शोधात उडून जातात.

नुकसानीचे स्वरूप : माडाला फांद्या नसतात आणि त्याचा वाढीचा बिंदू एकच, शेंड्यातील कोंबात असतो. आंबा किंवा फणस यांच्या खोडास कीड लागली, तर फांदी छाटून झाड राखता येते. माडाचा कोंब गेला की माड गेला. शिवाय एकदलिकित वनस्पती असल्याने त्याच्या खोडात ऊतककर (खोडाची जाडी वाढविणारा व जखमा भरून काढणारा थर) नसतो. त्यामुळे एकदा पडलेली खोक आयुष्यभर उघडी राहते. कोकणात माडावर चढण्यासाठी खोडात पाडलेल्या खाचा, माडी काढताना झालेले घाव, ओढून तोडलेल्या हिरव्या झावळ्यांचे देठ, कोंबकुज रोगाने नासलेला शेंडा, गेंड्या भुंग्याने कोंबात पाडलेली भोके या सर्व सोंड्याच्या प्रवेशाच्या वाटा होत. पाच ते वीस वर्षे वयाच्या, खोड अजून मऊ असलेल्या माडांवर त्याचा भर अधिक असतो. म्हणजे ज्या वयात झाड फळू लागते किंवा भर उत्पन्नात असते, नेमक्या त्याच वयात ते जाते.

बाहेरून पाहणाऱ्यास फार काळ काहीच दिसत नाही. प्रथम खोडावर एखादे बारीक छिद्र पडते, त्यातून तांबूस तपकिरी चिकट द्रव झिरपतो व चावलेल्या तंतूंचा भुसा बाहेर येतो. खोडास कान लावल्यास अळ्यांच्या कुरतडण्याचा आवाज ऐकू येतो. आतील पाने पिवळी पडून कोमेजू लागतात, आंबूस वास येतो आणि अखेरीस सर्व शेंडा एका बाजूस कलून मोडून पडतो. शेंडा कलला म्हणजे कीड लागली असे बागायतदार म्हणतात; वस्तुतः तोवर कीड लागून काही महिने लोटलेले असतात व निदान एक पिढी बाहेर पडून गेलेली असते. या किडीच्या नियंत्रणातील खरी अडचण उपायांच्या दुबळेपणाची नाही, ती उशिरा कळण्याची आहे. गंधसापळ्याचे महत्त्व समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण कीड झाडाबाहेर असते त्या थोड्या दिवसांतच तिला गाठणारे हे साधन आहे.

पूर्वीचे उपाय : ब्रिटिश हिंदुस्थानातील कीटकवैज्ञानिक मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०६ मध्ये या भुंग्याची नारळावरील महत्त्वाची कीड म्हणून नोंद केली. तो ताज्या जखमेच्या व आंबलेल्या रसाच्या वासाकडे येतो, हे माडी काढणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्याच अनुभवावर ओंडक्यांचा सापळा आधारलेला होता. माडाचे ओंडके उभे चिरून त्यांना माडी लावीत व ते वाडीत ठेवीत. वासाने जमलेले भुंगे सकाळी वेचून मारीत. पुढे माडीत किण्व (यीस्ट) व ॲसिटिक अम्ल मिसळून तिचे आकर्षण वाढविण्याचे प्रयोग भारतात झाले. ओंडका मात्र दोन-चार दिवसांत सुकून निरुपयोगी होई, आणि तो वेळेवर उचलला नाही तर त्यातच भुंग्यांची वीण होई. सापळाच पाळणा ठरण्याचा हा प्रकार या किडीच्या इतिहासात पुन्हापुन्हा दिसतो.

रासायनिक उपायांत खोडातील छिद्रांतून कीटकनाशक ओतणे किंवा ते मुळांवाटे देणे या पद्धती होत्या. मुळांवाटे देण्यासाठी दीर्घकाळ वापरात असलेले मोनोक्रोटोफॉस हे अतिविषारी द्रव्य असून त्याचे ३६ टक्के द्रावण टप्प्याने बंद करण्याचा आदेश केंद्र शासनाने २०२३ मध्ये काढला. ज्या झाडाचे शहाळे आठवड्यागणिक उतरविले जाते, त्याच्या अंगात असे विष खेळविण्यास मर्यादा असणे उचितच होय.

गंधाचा शोध : कीटक परस्परांना गंधाने संदेश देतात, हे एकोणिसाव्या शतकातील निरीक्षकांस माहीत होते. फ्रेंच निसर्गनिरीक्षक फाब्र यांनी पिंजऱ्यात ठेवलेल्या पतंगाच्या मादीभोवती रात्री दुरून आलेल्या नरांचे थवे कसे जमतात, त्याचे वर्णन केले आहे. या संदेशद्रव्यांपैकी पहिले द्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञ बूटेनांट यांनी रेशमाच्या पतंगापासून १९५९ मध्ये वेगळे केले. त्यासाठी त्यांना सु. पाच लाख माद्या लागल्या. त्याच वर्षी कार्लसन व ल्यूशर यांनी अशा द्रव्यांसाठी ‘फेरोमोन’ ही संज्ञा सुचविली.

ताडावरील सोंड्यांच्या बाबतीत प्रथम यश आले ते अमेरिका खंडातील ऱ्हिंकोफोरस पामेरम या जातीत. तिच्या नरांचे गंधद्रव्य १९९१ मध्ये ओळखण्यात आले. त्यानंतर १९९३ मध्ये हॅलेट, ग्रीस, ओल्श्लागर व त्यांचे सहकारी यांनी आशियाई सोंड्याचे गंधद्रव्य शोधून काढले. त्याचा मुख्य घटक ४-मिथिल-५-नोनॅनॉल हे दहा कार्बन अणूंचे अल्कोहॉल असून भुंग्याच्या जातिनामावरून त्यास फेरुजिनिऑल हे नाव देण्यात आले. त्याच्या जोडीस ४-मिथिल-५-नोनॅनोन हे कीटोन अल्प प्रमाणात असते. बाजारात मिळणाऱ्या आमिषांत या दोहोंचे प्रमाण सामान्यतः ९ : १ असते. फेरुजिनिऑलाच्या रेणूचे चार अवकाशीय प्रकार संभवतात व त्यांपैकी एकच भुंगा स्वतः तयार करतो. कारखान्यात तयार होणाऱ्या मिश्रणात चारही असतात. परंतु उरलेल्या तिहींमुळे भुंगे दूर पळत नाहीत. त्यामुळे शुद्ध प्रकार वेगळा काढण्याचा मोठा खर्च वाचतो आणि सामान्य बागायतदाराला परवडेल असे आमिष बनू शकते.

हा गंध नर सोडतो व त्याकडे नर आणि माद्या दोन्ही येतात. अन्न व निवारा सापडल्याची ती हाक असते. समागम हा त्या जमण्याचा एक परिणाम होय. बोंडअळीच्या किंवा शेंडे पोखरणाऱ्या अळीच्या पतंगांमध्ये मादीच्या गंधाने केवळ नर खेचले जातात, तेथे ‘कामगंध’ हा शब्द शोभतो. सोंड्याच्या बाबतीत ‘समूहगंध’ म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. हा नुसता शब्दाचा वाद नाही. पतंगांचे सापळे नरांनी भरले, तरी उरलेला एखादा नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे असे सापळे बहुधा किडीची चाहूल घेण्यापुरतेच उपयोगी पडतात. सोंड्याच्या सापळ्यात मात्र माद्याच अधिक, सु. एका नरामागे दोन या प्रमाणात सापडतात. पकडलेल्या प्रत्येक मादीबरोबर तिची न घातलेली अंडीही नाहीशी होतात.

या मुद्द्याची खातरजमा महाराष्ट्राला लागून असलेल्या गोव्यात झाली. जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संशोधन संकुलात जे. आर. फालेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी नारळाच्या बागांतील सापळ्यांत सापडलेल्या माद्यांचे वय व जननक्षमता तपासली. त्यांचा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला : सापळ्यात येणाऱ्या माद्या बव्हंशी तरुण, फलित व अंडी घालण्यास समर्थ असतात. सापळ्यात केवळ म्हाताऱ्या, वीण संपलेल्या माद्याच येत असत्या, तर सर्व खटाटोप व्यर्थ ठरला असता. सौदी अरेबियाच्या खजुरीच्या बागांतही असाच अनुभव आला होता. तेथे १९९० नंतरच्या दशकात या किडीच्या नियंत्रणासाठी भारतीय तज्ञांचे पथक काम करीत होते.

सापळ्याची रचना : सापळा म्हणजे झाकण असलेली सु. पाच लिटरची प्लॅस्टिकची बादली होय. तिच्या काठाखाली सु. ५ सेंमी. लांब व १·५ सेंमी. रुंद अशा चार खिडक्या समोरासमोर कापतात. भुंगा बहुधा थेट खिडकीत उडत शिरत नाही. तो बादलीवर उतरतो व चढत वर जातो. गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्याचे पाय टिकत नाहीत, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळतात किंवा पृष्ठभाग खरखरीत करतात. आतील बाजू मात्र गुळगुळीतच ठेवावयाची असते. गोणपाट आतही लावून ठेवलेले सापळे पाहण्यात येतात. त्यांतून भुंगे आले तसे बाहेर जातात. फिक्या रंगापेक्षा काळ्या किंवा गडद रंगाच्या सापळ्यांत अधिक भुंगे मिळतात.

झाकणाच्या आतून तारेने गंधाचे आमिष टांगतात. लहानशा पुडीत किंवा कुपीत सु. ८०० मिग्रॅ. द्रव्य असते व ते प्लॅस्टिकच्या पापुद्र्यातून रोज काही मिलिग्रॅम या गतीने बाहेर पडते. ऊन जितके कडक तितके ते लवकर संपते, म्हणून सापळा सावलीत, माणसाच्या कमरेच्या सुमारास टांगतात. तीन-चार महिन्यांनी आमिष बदलावे लागते. सुट्या पुड्या उन्हात पडू दिल्यास त्या वापरण्यापूर्वीच निम्म्या रिकाम्या होतात. बंद डब्यात, थंड जागी त्या टिकतात.

तथापि केवळ गंधाने काम भागत नाही. नुसते फेरुजिनिऑल किंवा नुसते खाद्य ठेवलेल्या सापळ्यांपेक्षा दोन्ही एकत्र ठेवलेल्या सापळ्यात कितीतरी अधिक भुंगे सापडतात; दोहोंच्या बेरजेपेक्षाही ही संख्या मोठी भरते. दुरून भुंग्याला आणणारी हाक गंधाची, पण जवळ आल्यावर आत उतरण्याची खात्री पटते ती अन्नाच्या वासाने. यासाठी बादलीत लिटरभर पाणी घालून त्यात उसाचे तुकडे, खराब झालेला खजूर, पिकलेले केळे, अननसाच्या साली किंवा माडाच्या कोवळ्या देठाचे तुकडे असे स्वस्तात मिळणारे काहीतरी आंबवत ठेवतात. पूर्वी या पाण्यात कार्बोफ्युरानासारखे कीटकनाशक मिसळीत. साबणाचा किंवा धुण्याच्या पुडीचा फेस मिसळला तरी भुंग्याला वर तरंगून निसटता येत नाही, आणि मुले-गुरे यांचा धोकाही टळतो. पाणी व खाद्य आठ-दहा दिवसांनी बदलावे लागते. पाणी आटलेली, खाद्य वाळलेली बादली तशीच लटकत राहिली, तर तिच्यातील गंध भुंग्यांना बोलावीत राहतो; पण ते आत पडण्याऐवजी शेजारच्या झाडाकडे वळतात. कोरड्या सापळ्यापेक्षा सापळा नसणे बरे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. ही अडचण टाळण्यासाठी पाणी व खाद्य न लागणारे कोरडे सापळे व एथिल ॲसिटेटासारख्या द्रव्यांची कुपी जोडलेली आमिषे अलीकडे वापरात आली आहेत; त्यांची किंमत मात्र साध्या बादलीपेक्षा अधिक असते.

सर्वसाधारणपणे हेक्टरी एक सापळा ही शिफारस आहे. प्रादुर्भाव मोठा असल्यास संख्या वाढवितात. पाच ते वीस वर्षांच्या निरोगी माडांच्या ऐन मध्यावर सापळा टांगणे ही सामान्यपणे होणारी चूक आहे. वासाने येणाऱ्या भुंग्यांपैकी सर्वच सापळ्यात पडत नाहीत. काही आसपास घोटाळतात व जवळच्या जखमी झाडात अंडी घालतात. म्हणून सापळे बागेच्या कडेने, लहान माडांपासून दूर ठेवावेत. दर आठवड्याला भुंगे मोजून नोंद ठेवल्यास कोणत्या बाजूने किती भुंगे येतात ते समजते, आणि त्या बाजूच्या झाडांची कसून तपासणी करता येते. सापळा एका अर्थाने बोट दाखवितो; झाड शोधून काढणे माणसाकडेच राहते.

सापळा खोडाच्या आतील अळ्यांना काही करू शकत नाही, हे वेगळे सांगावयास नको. बाधा झालेल्या माडावर वेगळे उपचार करावे लागतात. वाचण्यापलीकडे गेलेला माड तोडून, खोड चिरून, आतील अळ्या व कोश यांसह जाळावा किंवा खोल पुरावा लागतो. झावळ्या तोडताना खोडापासून सु. १२० सेंमी. देठ ठेवून तोडल्यास, जखमेत घातलेल्या अंड्यांतील अळ्या खोडापर्यंत पोहोचत नाहीत. जखमांवर डांबर फासणे, पर्णकक्षांत वाळू व निंबोळी पेंड भरणे, गेंड्या भुंग्याचा बंदोबस्त करणे ही कामे सापळ्याइतकीच महत्त्वाची होत. गेंड्या भुंगा (ओरिक्टेस ऱ्हिनोसेरॉस) शेणखताच्या खड्ड्यांत वाढतो व कोंबात शिरून सोंड्याला वाट करून देतो. त्याचेही समूहगंधद्रव्य, ४-मिथिल ऑक्टॅनॉइक अम्लाचे एथिल एस्टर, १९९५ मध्ये ओळखण्यात आले असून त्याची आमिषे मिळतात. मात्र दोन्ही भुंग्यांची आमिषे वेगवेगळी असतात; एका आमिषाने दोन्ही किडी जातील या समजुतीने पैसे फुकट जातात.

कोकण व नवी मुंबई : महाराष्ट्रात नारळाची लागवड मुख्यतः सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे व पालघर या किनारी जिल्ह्यांत आहे. या पिकावरील संशोधन दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठात व त्याच्या अखत्यारीतील भाट्ये (रत्नागिरी) येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात चालते. राष्ट्रीय पातळीवर कासरगोड येथील केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्था व १९८१ मध्ये स्थापन झालेले नारळ विकास मंडळ यांचे कार्य उल्लेखनीय आहे. अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील वाड्यांत नारळ व पोफळ एकत्र असतात. पोफळीला सोंड्याचा उपद्रव तुलनेने कमी होतो.

या पट्ट्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ येऊन आदळले व नारळ-पोफळीची हजारो झाडे उन्मळून किंवा मोडून पडली. मोडलेले ओंडके आणि शेंडे फाटलेले, पण उभे राहिलेले माड ही दोन्ही सोंड्या व गेंड्या यांच्या विणीची ठिकाणे होत. पडलेली खोडे वेळेवर उचलण्यास मनुष्यबळ व यंत्रे कमी पडली, की वादळाचे नुकसान पुढील काही वर्षे किडीच्या रूपाने चालू राहते. वादळानंतर नव्याने लावलेले माड २०२५ च्या सुमारास पाच वर्षांचे, म्हणजे सोंड्याच्या आवडत्या वयाचे होऊ लागले. त्या वाड्यांत एका पिढीचे उत्पन्न या झाडांवर अवलंबून असल्याने गावाने मिळून लावलेल्या सापळ्यांची गरज तेथे विशेष आहे. एकाच वाडीतील सापळा फारसा उपयोगी पडत नाही; खुणा करून सोडलेले भुंगे काही किलोमीटरांवरील सापळ्यांत सापडल्याच्या नोंदी आहेत, आणि कोकणातील वाडीची रुंदी तर अनेकदा शंभर पावलांचीही नसते.

नवी मुंबईत हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली व ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसविण्यात आले. आगरी व कोळी वस्तीच्या जुन्या गावठाणांतील परसबागांचे माड आजही इमारतींच्या मध्ये उभे आहेत. त्यांच्या जोडीला गृहनिर्माण संस्थांची आवारे, उद्याने व रस्त्यांचे दुभाजक यांत नारळ, रॉयल पाम, शोभेचा खजूर यांची लागवड झाली. शोभेचे ताल बहुधा वाढलेल्या स्थितीत मुळे व पाने छाटून आणून लावतात. अशा ताज्या घावांचे झाड म्हणजे सोंड्याला दिलेले आमंत्रणच. आणि रोपवाटिकेतून येतानाच त्याच्या पोटात अळ्या असतील, तर शहरात कीड गाडीने येते. वाशीच्या घाऊक बाजारात उतरणाऱ्या खजुराच्या फळांतून किंवा सोललेल्या नारळांतून ती पसरत नाही. तिचा प्रवास जिवंत झाडांबरोबर होतो.

शहरातील झाडांचे मालक अनेक असतात. महानगरपालिका (नवी मुंबईची १९९२ पासून, पनवेलची २०१६ पासून), सिडको, गृहनिर्माण संस्था, खाजगी घरे या सर्वांच्या हद्दी भुंग्यास ठाऊक नसतात. एका संस्थेच्या आवारातील एकच सापळा शेजाऱ्यांचे भुंगे आपल्याकडे ओढून आणतो, हे अनेक संस्थांच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यापूर्वी नारळ व झावळ्या उतरविण्याची कामे ठेक्याने दिली जातात, तेव्हा शोभेसाठी हिरव्या झावळ्याही खोडालगत साफ कापल्या जातात. हातभर देठ राखलेला माड डोळ्यांना ओंगळ दिसतो खरा, पण तोच सुरक्षित असतो. शेतात बाधित माड लागलीच तोडता येतो. शहरात मात्र महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडण्यास परवानगी लागते. हा कायदा आवश्यकच आहे. परंतु किडलेल्या माडाच्या बाबतीत परवानगीस लागणारा प्रत्येक आठवडा भुंग्यांच्या हिशेबी जमा होतो. सापळ्यातील आठवड्याच्या नोंदी अर्जासोबत जोडल्यास निर्णय घेणे सुकर होते.

शेतातील मेलेल्या माडाने उत्पन्न बुडते, शहरातील पोखरलेला माड माणसाच्या अंगावर पडू शकतो. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूर येथे रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळून तिचा मृत्यू झाला. झाड पडण्यामागे प्रत्येक वेळी सोंड्याच असतो असे नाही. मुळांभोवतीचे काँक्रीट, खोडाची कूज, वारा अशी अनेक कारणे असतात. तथापि हिरव्या शेंड्याचे झाड आतून पोकळ असू शकते, हे या किडीमुळे विशेषत्वाने खरे ठरते. म्हणून रहदारीच्या जागी उभ्या असलेल्या तालवृक्षांच्या खोडावरील छिद्रे व स्राव यांची तपासणी नियमाने करणे जरूरीचे असते.

जगातील प्रसार : सोंड्या भुंगा १९८५ च्या सुमारास संयुक्त अरब अमिरातीत व १९८७ मध्ये सौदी अरेबियात आढळला, १९९२ मध्ये ईजिप्तमध्ये पोहोचला आणि त्यानंतर स्पेन, इटली इ. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत पसरून त्याने तेथील रस्त्यांकडेच्या कॅनरी खजुरींचा मोठा नाश केला. या सर्व प्रसारामागे मुख्यतः खजुराच्या फुटव्यांची व शोभेच्या वाढलेल्या तालांची वाहतूक होती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने मार्च २०१७ मध्ये रोम येथे या एका किडीसाठी आंतरराष्ट्रीय बैठक भरविली. कॅलिफोर्नियात लगूना बीच येथे २०१० मध्ये सापडलेला भुंगा प्रथम हाच समजला गेला होता. पुढे आनुवंशिक तपासणीत तो ऱ्हिंकोफोरस व्हल्नेरेटस या जवळच्या जातीचा ठरला. दोन्ही जातींचे मुख्य गंधद्रव्य एकच, फेरुजिनिऑल, असल्यामुळे त्याच आमिषाचे सापळे तेथेही वापरता आले.

अमेरिका खंडातील पामेरम ही जाती झाड पोखरण्याबरोबरच माडाच्या लाल वलय रोगास कारण होणाऱ्या सूत्रकृमीचाही प्रसार करते. हा रोग भारतात नाही. आफ्रिकेत ऱ्हिंकोफोरस फीनिसिस ही जाती तेलताडावर आढळते. सोंड असलेला प्रत्येक भुंगा तालांचा वैरी मात्र नव्हे. एलाइडोबियस कॅमेरुनिकस हा आफ्रिकेतील चिमुकला सोंड्या तेलताडाच्या फुलोऱ्यात राहून परागण घडवून आणतो. तो १९८१ मध्ये मलेशियात सोडण्यात आल्यानंतर तेथे हाताने परागण करण्याची जरूरी उरली नाही. भारतात तो १९८५ मध्ये केरळातील तेलताडाच्या मळ्यांत आणण्यात आला.